दोष कोणाचा? : ब्रॅडले यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

अंत्यविधी आटोपून दफनभूमीतून परतणाऱ्या माणसांचे बोलणे आम्ही पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहोत. शवपेटीवर मूठभर माती टाकून हात झटकले, की फाटकापर्यंत मंडळी गप्प असतात. फाटकाबाहेर मात्र न्यायासन मांडले जाते. गेलेला माणूस तरुण असेल तर "फार हट्टी होता हो," असे कोणी म्हणते. कर्जाने खचलेला संसारी गृहस्थ असेल तर "अंथरूण पाहून पाय पसरायला नकोत का?" असा प्रश्न येतो. फसवणुकीने देशोधडीला लागलेली बाई असेल तर "एवढा विश्वास टाकावाच कशाला?" हे ठरलेले. दहा पावलांच्या आत मृताचा एक दोष निश्चित होतो, त्या दोषाची मरणाशी सांगड घातली जाते, आणि मंडळी हलक्या मनाने घरी जातात. मन हलके होते, कारण तो दोष आपल्यात नाही, तेव्हा तसले मरणही आपल्या वाट्याला यायचे नाही, असा हिशोब ज्याने त्याने मनातल्या मनात करून टाकलेला असतो.

ही खोड अडाण्यांचीच आहे असे कोणी समजू नये. आमच्यातील शिकलेल्या मंडळींनी तर तिला एक भारदस्त नाव मिळवून दिले आहे. 'ट्रॅजिक फ्लॉ', म्हणजे शोकनायकाचा घातक दोष. हे नाव त्यांनी महाविद्यालयातून आणले. शेक्सपिअरचे नाटक अभ्यासाला होते, परीक्षा तोंडावर आली होती, आणि हाताशी बाजारातील मार्गदर्शिका होती. तीत एक सुटसुटीत तक्ता होता. हॅम्लेटचा दोष अनिश्चय, ऑथेल्लोचा संशयीपणा, मॅकबेथचा महत्त्वाकांक्षा, लिअरचा क्रोध. चार नायक, चार दोष, चार मरणे. या तक्त्याला वजन यावे म्हणून खाली एक नाव टाकलेले असे : ए. सी. ब्रॅडले. आमचे भांडण या तक्त्याशी आहे. ब्रॅडले यांच्या नावावर खपवला जाणारा हा माल त्यांचा नाही, आणि तो घरोघर पोहोचल्यामुळे दुःखी माणसांकडे पाहण्याची आमची दृष्टी कठोर झाली आहे, हे आम्हाला येथे स्पष्टपणे मांडावयाचे आहे.

ज्यांनी मूळ ग्रंथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे अगत्याचे आहे. अँड्र्यू सेसिल ब्रॅडले यांचा जन्म १८५१ सालचा. ते एका धर्मोपदेशकाचे पुत्र. लिव्हरपूल आणि ग्लासगो येथे त्यांनी अध्यापन केले आणि १९०१ ते १९०६ या काळात ते ऑक्सफर्डमध्ये काव्याचे प्राध्यापक होते. वर्गात दिलेल्या व्याख्यानांतून तयार झालेला 'शेक्सपिरीअन ट्रॅजेडी' हा त्यांचा ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा व्याख्याने आहेत. पहिली दोन शोकांतिकेच्या आशयावर आणि रचनेवर, उरलेली आठ 'हॅम्लेट', 'ऑथेल्लो', 'किंग लिअर' आणि 'मॅकबेथ' या चार नाटकांवर. ग्रंथ त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अर्पण केला. इंग्रजी साहित्य जेथे जेथे शिकवले गेले तेथे तेथे तो पोहोचला, आपल्या देशातही पोहोचला. १९२६ सालच्या एका विनोदी इंग्रजी कवितेत शेक्सपिअरचे भूत परीक्षेला बसते आणि 'लिअर'च्या प्रश्नपत्रिकेत सपशेल आपटते, कारण त्याने ब्रॅडले वाचलेले नसतात! एवढा या ग्रंथाचा दरारा होता. आज एकशेवीस वर्षे उलटून गेल्यावरही शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर लिहिणाऱ्याला ब्रॅडले यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

आता तो तक्ता आणि हा ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून पाहू. हॅम्लेट हा मुळातच अनिश्चयी, विचारात बुडून कृती विसरणारा माणूस होता, हे मत श्लेगेल आणि कोलरिज यांच्यापासून चालत आलेले. ब्रॅडले यांनी ते उचलून धरले नाही, खोडून काढले. त्यांच्या मते हॅम्लेट एरवी धडाडीने वागला असता. बाप गेल्यावर अल्पावधीतच आईने घाईने केलेल्या विवाहाचा त्याला जबर धक्का बसला आणि त्याच्या मनावर विषण्णतेचे मळभ आले. त्याच अवस्थेत सूडाचे ओझे त्याच्या खांद्यावर पडले. जखमी माणसाला डोंगर चढावयास सांगावे आणि तो अडखळला म्हणून त्याला आळशी म्हणावे, तसा हा न्याय झाला. ऑथेल्लोविषयी तर ब्रॅडले यांचे म्हणणे तक्त्याच्या थेट उलट आहे. ऑथेल्लो स्वभावाने संशयी नव्हता. तो निष्कपट होता, म्हणूनच फसवला गेला. ज्याला सारे नगर प्रामाणिक म्हणत होते अशा इयागोने कानात विष ओतल्यावर दुसरा कोणीही असाच हादरला असता, असे ते बजावतात. आणि लिअर? ज्या नाटकाला आपण लिअरचा अधःपात म्हणतो त्याला लिअरचा उद्धार म्हटले तर ते सत्याला तितकेच धरून होईल, असे सुचविणारे ब्रॅडलेच आहेत. सर्वस्व गमावलेला तो म्हातारा वादळात उघड्यावर उभा राहतो तेव्हा त्याला आयुष्यात प्रथमच उघड्यानागड्या गरिबांची आठवण होते. क्रोधाची शिक्षा एवढ्यावर हे नाटक संपवणाऱ्याच्या हातून तो म्हातारा निसटलाच म्हणावयाचा.

नायकात एक गुणविशेष एकांगीपणाने वाढलेला असतो, हे ब्रॅडले म्हणतात. पण तो विशेष सरसकट दुर्गुण असतो असे ते म्हणत नाहीत. पुष्कळदा तोच त्याचा मोठेपणा असतो, आणि ज्या परिस्थितीत तो सापडतो तीत हा मोठेपणाच त्याच्या जिवावर उठतो. ऑथेल्लोच्या जागी चिकित्सक हॅम्लेट असता तर त्याने इयागोला चार प्रश्न विचारून उघडे पाडले असते. हॅम्लेटच्या जागी ऑथेल्लो असता तर क्लॉडियस दुसरा दिवस पाहता ना. माणसे तीच, गुण तेच. प्रसंगांची अदलाबदल केली तर दोन्ही घरे वाचतात. मग मरणाचे खापर एकट्या स्वभावावर फोडावयाचे कसे? 'स्वभाव हेच दैव' या लाडक्या वचनात सत्याचा अंश आहे, पण अतिशयोक्तीही आहे, असा इशारा ब्रॅडले यांनी पहिल्याच व्याख्यानात देऊन ठेवला आहे. मार्गदर्शिकाकारांनी सत्याचा अंश घेतला आणि इशारा गाळला.

ग्रंथाचा गाभा मात्र याहून खोल आहे. शोकांतिका पाहून मनावर जो शेवटचा ठसा उमटतो, तो ब्रॅडले यांच्या मते नासाडीचा, मोलाची गोष्ट व्यर्थ गेल्याचा असतो. शोकांतिकेच्या विश्वाच्या मुळाशी एक नैतिक व्यवस्था आहे, असे ते मानतात. ती दुष्टतेला सहन करीत नाही, तिला बाहेर फेकते. पण ही दुष्टता त्या व्यवस्थेच्याच पोटी जन्मलेली असते, आणि तिला फेकून देताना ती व्यवस्था आपल्याच ठायीचे उत्तम ते गमावून बसते. गॉनेरिल आणि रीगन जातात, तशी कॉर्डेलियाही जाते. कॉर्डेलियाने काय केले होते? म्हणूनच या मरणांना न्याय, पात्रता, योग्य शिक्षा हे शब्द लावू नयेत असे ब्रॅडले आग्रहाने सांगतात. मॅकबेथने खून केला, त्याचे फळ त्याला भोगावे लागले, हे खरे. पण जे जे भोगावे लागले ते ते सारे त्याच मापाने मोजून दिलेले होते, असे कोणत्याही नाटकात दिसत नाही. उरते ते एक दुखरे गूढ. ते गूढ उकलले तर ती शोकांतिकाच राहणार नाही.

हे गूढ माणसाला सोसवत नाही. म्हणून प्रत्येक पिढी त्याला कुलूप घालू पाहते. टॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकाराने १६९३ साली 'ऑथेल्लो'चे तात्पर्य उपहासाने काढून दाखवले : थोरामोठ्यांच्या मुलींनी आईबापांच्या संमतीवाचून पळून जाऊन परक्याशी लग्न करू नये, आणि बायकांनी आपले कपडेलत्ते नीट सांभाळावेत. रुमाल हरवला म्हणून डेस्डिमोना मेली ना! नेहम टेट याने १६८१ साली 'लिअर'ला सुखान्त चिकटवला. त्यात कॉर्डेलिया जगते आणि तिचे लग्नही लागते. हीच आवृत्ती इंग्रजी रंगभूमीवर दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसली. डॉ. जॉन्सनसारख्या धीराच्या पुरुषालाही कॉर्डेलियाच्या मरणाचा इतका धक्का बसला, की संपादनासाठी हाती घ्यावे लागेपर्यंत त्यांनी नाटकाचा शेवट पुन्हा वाचला नाही. पण जॉन्सन यांचे डोळे मिटणे आणि रायमरचे तात्पर्य काढणे यांत आम्ही फरक करतो. पहिल्यात वेदना आहे. दुसऱ्यात वेदनेपासून पळण्याची युक्ती आहे.

आपल्याकडेही ती युक्ती चांगली रुजली आहे. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणले ते 'विकारविलसित' या नावाने. ब्रॅडले यांचा ग्रंथ तेव्हा एकवीस वर्षे दूर होता. म्हणजे माणसाच्या विकारांत त्याच्या नाशाचे मूळ पाहण्याची वृत्ती आपल्याला इंग्रज प्राध्यापकाने शिकवली नाही. ती आधीपासूनच होती, ब्रॅडले यांच्या नावाने तिला केवळ प्रमाणपत्र मिळाले. पुढे शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. लिअरशी नाते सांगणारा तो अप्पासाहेब बेलवलकर मुलांना सारे काही देऊन टाकतो आणि घराला पारखा होतो. हे नाटक पाहून डोळे पुसत बाहेर पडलेले आमचे कितीतरी परिचित प्रवेशद्वारापाशी एकच बोध घेऊन थबकलेले आम्ही पाहिले आहेत : हयातीत इस्टेट वाटू नये! सल्ला शहाणपणाचा असेल, वकिलाकडे तो मिळतोही. पण एका म्हाताऱ्याचे काळीज फाटताना तीन तास पाहिल्यावर पदरात एवढेच पडावे? रायमरच्या रुमालाची आणि या इस्टेटीची जात एकच.

आता येथे आम्हाला अशा एका शब्दाकडे वळले पाहिजे, जो ख्रिस्ती वाचकाला परका वाटू नये. 'दोष' ही सारी कल्पना ज्या ग्रीक शब्दातून निघाली तो शब्द आहे हमार्तिया. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणात तो वापरला आहे. शोकनायक सद्‌गुणांचा पुतळा नसावा आणि दुष्टही नसावा, त्याचे पतन दुष्टतेमुळे नव्हे तर कोणत्यातरी मोठ्या हमार्तियामुळे व्हावे, असे तो म्हणतो. या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे हा अर्थ आहे. फेकलेला भाला लक्ष्याला लागला नाही, की त्यासाठी ग्रीक हेच क्रियापद वापरीत. ॲरिस्टॉटलने उदाहरण दिले ते ईडिपसचे, ज्याने न जाणता बापाला मारले. पुढे नव्या करारातील ग्रीक भाषेत हाच शब्द पाप या अर्थाने आला. दोन्ही अर्थ आपापल्या जागी योग्य आहेत. घोटाळा झाला तो एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादल्यामुळे. नाटकातल्या माणसाचा चुकलेला नेम हे त्याचे पाप ठरले, आणि मग त्याचे मरण ही त्या पापाची मजुरी ठरली.

गंमत अशी, की जो नवा करार या शब्दाला पापाचा अर्थ देतो, तोच या हिशोबाला नकार देतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाकडे बोट दाखवून विचारलेला प्रश्न आठवा. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय बाजूला सारले. लूकाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांची गोष्ट येते. ते इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, या प्रश्नाला प्रभूचे उत्तर नकाराचे आहे, आणि लगेच ऐकणाऱ्यालाच आपले अंतःकरण तपासावयास सांगितले आहे. आणि ईयोब? त्याच्या तीन मित्रांनी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसून मौन पाळले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडले आणि ईयोबाचा दोष शोधू लागले, तेव्हा ते मार्गदर्शिकाकार झाले. शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो त्या मित्रांवर. हे सारे आम्ही दरवर्षी वाचनांतून ऐकतो आणि दफनभूमीच्या फाटकाबाहेर विसरतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. माणसाच्या कृतीची जबाबदारी त्याच्यावर नाही असे म्हणावयाचे आहे काय? मग पाप, पश्चात्ताप, पापनिवेदन यांना अर्थ काय उरला? आमचे म्हणणे तसे नाही आणि ब्रॅडले यांचेही नव्हते. शोकांतिकेतील अनर्थ माणसांच्या कृत्यांतून उद्भवतो, आकाशातून पडत नाही, हे तर त्यांचे पहिले सूत्र. डंकनचा खून मॅकबेथनेच केला. त्याला कोणी निर्दोष म्हणत नाही. परंतु अमुक कृत्य माझे आहे असे म्हणणे वेगळे, आणि अमुक माणसावर जे कोसळले ते त्याच्या लायकीप्रमाणेच कोसळले असे म्हणणे वेगळे. पहिले वाक्य माणूस स्वतःविषयी, गुडघे टेकून बोलतो. दुसरे तो दुसऱ्याविषयी, उभ्याने बोलतो.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. ब्रॅडले जुने झाले, असे ते म्हणतात. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅकबेथला मुले किती, असा खोचक प्रश्न आपल्या निबंधाच्या मथळ्यातच विचारून ब्रॅडले यांच्या पद्धतीची थट्टा केली. पात्रांना खरी माणसे समजून त्यांच्या चौकश्या करणे म्हणजे नाटकातील काव्य विसरणे, हा त्यांचा मुद्दा. मुद्द्यात तथ्य आहे, थट्टा मात्र अन्यायाची आहे. ब्रॅडले यांनी ग्रंथाच्या टिपांमध्ये या मुलांचा विषय काढला हे खरे, पण निष्कर्ष दिला तो असा, की याविषयी काही सांगता येत नाही आणि नाटकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्वही नाही. त्यांच्या उणिवा आम्ही झाकणार नाही. रंगभूमीपेक्षा त्यांचे लक्ष पुस्तकाच्या पानावर अधिक होते. 'लिअर' रंगमंचाला पेलणार नाही असे ते मानीत. राज्य, समाज, पैसा यांचा दाब त्यांच्या विवेचनात कमी येतो, एका माणसाचे मन मात्र भरभरून येते, आणि तक्ता करणाऱ्यांना वाव मिळाला तो याच फटीतून. तरीही ज्याने नायकाच्या मनात इतक्या जवळून डोकावून पाहिले त्यालाच त्या नायकाला दोषी ठरवणे अवघड गेले, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. दोष दुरून पटकन दिसतो. जवळ गेले की माणूस दिसू लागतो.

हा केवळ वाङ्मयाचा वाद नाही, याचा पुरावा 'हॅम्लेट'मध्येच आहे. पाचव्या अंकात ओफेलियाची शवपेटी येते. ती पाण्यात बुडून मेली. मरण संशयास्पद, म्हणून धर्मगुरू विधी तोकडा करतो. भाऊ पुन्हा पुन्हा विचारतो, आणखी काही प्रार्थना नाहीत काय? धर्मगुरू नियम सांगतो. त्या वेड्या मुलीचा बाप मारला गेला होता, प्रियकर दुरावला होता, यातले काहीही त्या नियमात बसत नव्हते. हे दृश्य आम्ही परक्याचे म्हणून सोडून देऊ शकत नाही. आमच्या ख्रिस्तसभेच्या १९१७ सालच्या धर्मविधिसंहितेतही, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास, त्याने मरणापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दाखवली नसेल तर, ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ सालच्या नव्या संहितेतील यादीत आत्महत्येचा उल्लेख राहिला नाही. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्टच सांगितले, की मनाचा गंभीर विकार, तीव्र वेदना वा भय यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. आत्महत्येला धर्मसभा आजही योग्य म्हणत नाही. पण मृताच्या मनात काय घडले याचा निवाडा तिने फाटकाबाहेरच्या पंचांकडे सोपवलेला नाही. धर्मसभेने वाट रुंद केली आणि आम्ही मात्र जुन्या कुंपणापाशीच उभे आहोत. अशा घरातील आईला आजही चार बाया विचारतात, "तुमच्या लक्षात कसे आले नाही?" त्या माउलीच्या उरलेल्या आयुष्याला हा प्रश्न पुरतो.

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. जे शिक्षक शेक्सपिअर शिकवतात त्यांनी तो तक्ता फळ्यावरून पुसावा आणि ब्रॅडले यांचे पहिले व्याख्यान वर्गात उघडावे. त्यांच्याशी भांडावे, त्यांच्या पुढे जावे, पण आधी त्यांनी काय म्हटले ते वाचावे. शिकवणाऱ्याने मुलांना 'लिअरचा दोष कोणता?' हा प्रश्न घातला, की आम्ही समजतो, आणखी चाळीस पंच तयार होत आहेत. त्याऐवजी 'कॉर्डेलिया का मेली?' असा प्रश्न घालावा आणि वर्ग निरुत्तर झाला तर त्या निरुत्तरपणाला पूर्ण गुण द्यावेत.

दुसरे मागणे आमचे आम्हालाच आहे. येत्या अंत्यविधीला फाटकाबाहेर पडल्यावर कोणी "तसा तो जरा…" अशी सुरुवात करील, कारण तो करणारच. आपण त्याला वाक्य पूर्ण करू देऊ नये. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस जसे वागले तसे आपण निदान घरी पोहोचेपर्यंत वागावे. मग दुसऱ्या दिवशी त्या घरी जावे, चहा ठेवावा, भांडी विसळावीत, आणि त्या माणसाविषयी बोलायचेच झाले तर तो होता म्हणून घरात काय काय होते, ते बोलावे.